खाड्याचा निरोप

गिरणी कामगारांच्या बोलीत न भरलेल्या दिवसाला ‘खाडा’ म्हणत. शब्द अगदी लहान आहे. पण पगाराच्या दिवशी तो केवढा मोठा होतो हे ज्या घरांची चूल गिरणीच्या पगारावर पेटत असे, त्यांना सांगावयास नको. आपल्या वाचकांमध्ये अशी घरे थोडी नाहीत. इंदूरला मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल. ग्वाल्हेरला जियाजीराव कॉटन मिल. बेळगाव जिल्ह्यात गोकाकची गिरणी. आणि मुंबई-सोलापूरच्या गिरण्या तर सर्वश्रुतच आहेत. या गिरण्यांच्या भोंग्यावर कित्येकांचे वडील-आजोबा उठले आणि झोपले. आज बहुतेक भोंगे बंद आहेत, तरी खाड्याचा प्रश्न बंद झालेला नाही. तो औषधांच्या कारखान्यात आहे, मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे, आणि रविवारच्या उपासनेनंतर दाराशी उभे राहून थोडा वेळ ऐकले तर आपल्या मंडळीतील तरुणांच्या बोलण्यातही आहे.

ज्याला कामावर येता येणार नाही त्याने तसे कळवावे, याबद्दल कोणाचाही वाद नाही. मालकाचा नाही, युनियनचा नाही, पाळकांचा तर नाहीच. वाद पुढे सुरू होतो. हा निरोप कामगार नेमका कोणाला देणे लागतो? निरोपाबरोबर कारण सांगणे हेही त्याच्या देण्यात मोडते काय? आणि खरे कारण सांगून जर ते मानले जाणार नसेल, तर त्याने काय करावे? संघटित कामगारांनी गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ मिळविले. पगारी रजा मिळाली, विमा मिळाला, चौकशीशिवाय कामावरून काढता येऊ नये हे तत्त्व मिळाले. परंतु रजा पदरात पडूनही ती कळविण्याची वाट मात्र काट्यांचीच राहिली, आणि युनियनच्या सभासदाचा जीव सर्वांत जास्त मेटाकुटीला येतो तो याच वाटेवर.

नियम काय होता ते आधी पाहू. १९४६ मध्ये औद्योगिक कामगारांच्या स्थायी आदेशांचा कायदा झाला. कारखान्यात शंभर किंवा अधिक माणसे असतील तर नोकरीच्या अटी लेखी ठरविणे त्याने मालकावर बंधनकारक केले. या कायद्याखाली केंद्र सरकारने जे नमुन्याचे आदेश काढले, त्यांत वर्षाला जास्तीत जास्त १० दिवसांची किरकोळ रजा होती. आधी सांगता येत नाही अशा अडचणींसाठी ही रजा आहे असे त्यात स्पष्ट म्हटले होते. तरीही ती घेण्यापूर्वी खातेप्रमुखाची परवानगी हवी. आणि ते शक्य नसेल तर जमेल तितक्या लवकर गैरहजेरी व तिचा अंदाजे काळ खातेप्रमुखाला लेखी कळवावा, असा दंडक होता. मंजूर रजा संपल्यावर ८ दिवसांत परत येऊन समाधानकारक खुलासा केला नाही तर नोकरीवरचा हक्क जाई. रजेशिवाय १० दिवसांहून अधिक गैरहजर राहणे हे गैरवर्तन, आणि वारंवार न कळविता राहणे हेही गैरवर्तन.

कागदावर हे वाईट नाही. उलट या नियमांत माणुसकीचा एक धागा आहे असेच मी म्हणेन. रजा त्याच दिवसापासून किंवा तीन दिवसांच्या आत सुरू व्हावयाची असेल तर अर्जावर त्याच दिवशी हुकूम द्यावा, असेही त्यात होते. १९४८ च्या कारखाने कायद्यात पगारी रजेचा अर्ज १५ दिवस आधी द्यावा असे होते, पण आजारपणासाठी ती रजा हवी असेल तर अर्ज वेळेवर आला नाही म्हणून नाकारू नये, असे पुढे लिहिले होते. कायदा करणाऱ्यांना ताप पंधरा दिवस आधी कळवून येत नाही हे ठाऊक होते.

पण नियम कागदावर राहतो आणि माणूस चाळीत. पहिली पाळी सकाळी सातची. समजा, पहाटे चारला मुलाला घटसर्पासारखे काहीतरी झाले, श्वास लागला. बाप मुलाला खांद्यावर टाकून सरकारी दवाखान्याकडे धावतो. त्याने ‘लेखी’ केव्हा कळवावे? तो शेजाऱ्याच्या हाती निरोप देतो. शेजारी दुसऱ्या खात्यात. तो गेटवर टाइमकीपरच्या खिडकीशी नाव आणि नंबर सांगतो. खिडकीच्या आतल्या माणसाला त्याच वेळी दोनशे माणसांची हजेरी घ्यावयाची आहे. तो ‘बरं’ म्हणतो. पाच दिवसांनी मूल बरे होते, बाप कामावर जातो, आणि त्याच्या हाती चार्जशीट पडते. निरोप कोणी आणला? कधी आणला? कोणाजवळ दिला? नोंद नाही. शेजारी शपथेवर सांगेल. पण खिडकीतल्या माणसाला आठवत नाही, आणि आठवत नाही हे त्याचे म्हणणेही कदाचित खरेच असेल.

येथे कोणी खोटे बोललेले नाही. बाप खरा, शेजारी खरा, टाइमकीपरही आपल्या परीने खरा. आणि तरी एका माणसाच्या चाकरीच्या वहीत डाग पडला. पुढच्या वेळी तो काय करील? तो वाट पाहणार नाही. तो जाऊन डॉक्टरांचे सर्टिफिकेट आणील, मग आजारी मूल असो की आणखी काही. सर्टिफिकेटवर त्याचेच नाव असेल, कारण मुलाच्या आजाराला रजा नाही, स्वतःच्या आजाराला आहे. अशा रीतीने एक खरा माणूस खोट्याच्या शाळेत पहिल्या इयत्तेत बसतो.

कामगारांच्या आज्या वर्षातून तीन-तीनदा मरतात, असा एक जुना विनोद कचेऱ्यांतून सांगितला जातो. आपणही हसतो. पण आजीलाच का मारावे लागते याचा विचार कोणी करीत नाही. ‘आज अंगात त्राण नाही’, ‘रात्री घरी भांडण झाले, डोळा लागला नाही’, ‘गावाकडे भावाने जमिनीचा वाद काढला आहे, गेलो नाही तर वाटा जाईल’, ही कारणे खरी असतात. पण खिडकीशी ती चालत नाहीत. मरण चालते. आजार चालतो. ज्या बाजारात दोनच नाणी चालतात तेथे लोक तीच दोन नाणी पाडू लागतात. खोटी नाणी पाडणे गुन्हा आहेच, परंतु बाजाराने बाकीची खरी नाणी का बंद केली हेही विचारावयास हवे.

राज्य कामगार विमा योजनेचेच पाहा. फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे ती सुरू झाली. श्रमिकांसाठी या देशात झालेल्या मोठ्या कामांत तिची गणना करावी लागेल. आजारपणाचा भत्ता चालू असताना मालकाने कामगाराला काढू नये, शिक्षा करू नये, अशी तरतूद त्या कायद्यात होती. पण आजाराचे पहिले दोन दिवस भत्ता मिळत नसे. तिसऱ्या दिवसापासून मिळे. हेतू असा की उगाच एकेक दिवसाचा आजार कोणी काढू नये. परिणाम मात्र उलटाही होत असे. एका दिवसाच्या तापाला काहीच मिळत नाही आणि चार-पाच दिवसांच्या तापाला काही मिळते, हे कळल्यावर ताप एका दिवसात उतरला तरी कागदावर तो उतरत नाही. नियम करणाऱ्याने आळशी माणूस डोळ्यांपुढे ठेवला होता. त्यामुळे प्रामाणिक माणसाचे नुकसान झाले.

स्त्री-कामगारांची गोष्ट तर आपण फारशी बोलतच नाही. गिरण्यांच्या वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत एके काळी स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने गर्भपात झालेल्या स्त्रीला सहा आठवड्यांची पगारी रजा दिली, पण पुरावा दाखविल्यावर. पुरावा कोणाला दाखवावयाचा? ज्या पुरुष कारकुनासमोर ती पदर सावरून दोन शब्द बोलावयास संकोचते, त्यालाच. आणि त्याच्या मागे रांगेत उभी असलेली माणसे ऐकत आहेत. अशी स्त्री ‘पोट दुखते’ एवढेच सांगून बिनपगारी खाडा पत्करते. तिने खरे कारण लपविले म्हणून तिला असत्यवादी म्हणण्यास मी तरी तयार नाही. आपले दुःख कोणाजवळ उघडे करावे हे ठरविण्याचा अधिकार तिने नोकरी धरताना विकलेला नाही.

या ठिकाणी शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते, कारण वर्गात ती शिकविताना बहुतेक जण मधला भाग गाळतात. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात एक रिकामी जागा आहे. चंद्रदर्शनाचा सण; शौल राजा भिंतीजवळच्या आपल्या आसनावर बसलेला, शेजारी अबनेर, आणि दावीदाची जागा रिकामी. पहिल्या दिवशी राजा काही बोलत नाही. काही विटाळ झाला असेल अशी तो मनाशी समजूत घालतो. दुसऱ्या दिवशी मात्र तो विचारतो की इशायाचा मुलगा काल आणि आजही का आला नाही. योनाथान उत्तर देतो की घराण्याचा यज्ञ आहे म्हणून बेथलेहेमास जाण्याची त्याने रजा मागितली. वस्तुतः दावीद रानात लपलेला आहे. कारण आधी ठरवून सांगितलेले आहे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर मित्राने मित्राची खोटी रजा कळविली आहे.

आपण योनाथानाच्या मैत्रीवर धडा देतो आणि हा निरोप सोडून देतो. शास्त्र त्याला शाबासकी देत नाही, दोषही देत नाही. पण पुढे काय घडले ते शास्त्र स्पष्ट सांगते. राजाने कारण ऐकले आणि आपल्याच मुलावर भाला फेकला. म्हणजे कारण विचारणाऱ्याच्या हातात काय आहे ते आपल्याला दिसते. शौलाला दावीद कोठे आहे हे जाणून घ्यावयाचे होते ते त्याच्या काळजीने नव्हे. प्रश्न विचारण्याचा अधिकार राजाला होता, यात शंका नाही. पण खरे उत्तर ऐकण्याची लायकी त्याने आपल्याच हाताने घालविली होती. एखादा मुलगा वर्गात ‘योनाथान खोटे बोलला का?’ असे विचारील तर शिक्षकाने घाबरून जाऊ नये. ‘होय, बोलला; आणि ते का, हे भाल्याकडे पाहून सांग’ असे म्हणावे.

परंतु येथेच थांबलो तर मोठी चूक होईल. टाइमकीपरची प्रत्येक खिडकी म्हणजे शौलाचे आसन नव्हे, आणि प्रत्येक दांडी मारणारा म्हणजे दावीद नव्हे. रात्री पिऊन पडला म्हणून सकाळी ‘आई अत्यवस्थ’ असा निरोप धाडणारेही असतात. क्रिकेटचा सामना असतो, लग्नाची वरात असते. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७९७ मध्ये एका छोट्या निबंधात असे मत मांडले की मारेकरी दारात येऊन मित्र घरात आहे का असे विचारील तरीही खोटे बोलण्याचा हक्क माणसाला नाही. हे मत मला पचत नाही. मात्र खोटे हे समोरच्या एकाच माणसाला इजा करीत नाही, बोलण्यावरचा सर्वांचा भरवसाच त्याने खचतो, हा त्याचा मुद्दा कारखान्याच्या गेटवर अगदी तंतोतंत पटतो. ‘आई अत्यवस्थ’ हा निरोप दहा जणांनी खोटा दिला की अकराव्याची आई खरोखर अत्यवस्थ असते तेव्हा खिडकीतला माणूस ओठ मुरडतो. पिणाऱ्याने मालकाचा एक दिवस बुडविला हे खरे. पण त्याने त्याहून मोठी चोरी केली ती या अकराव्या माणसाच्या घरात. विश्वास ही युनियनच्या फंडासारखी सामाईक ठेव आहे. वर्गणी सर्वांची असते, आणि एकाने हात मारला की अडचणीच्या वेळी कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

आता निरोप कोणाला देणे लागतो या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. सर्वसाधारण उत्तर ‘मालकाला’ असे येईल. माझ्या मते मालकाचा नंबर तिसरा लागतो. पहिला नंबर शेजारच्या कामगाराचा. कोणी आला नाही तर साचा थांबत नाही. दोन मागांवर काम करणाऱ्याला चार पाहावे लागतात, किंवा रात्रपाळी संपवून घराकडे निघालेल्याला ‘तुझा जोडीदार आला नाही, थांब’ असे सांगून दुसऱ्या पाळीला जुंपतात. त्याच्या घरीही कोणी वाट पाहत आहे. आदल्या संध्याकाळी निरोप आला असता तर त्याची ही फरफट टळली असती. म्हणून जो नुसता आळसाने कळवीत नाही, तो आपण मालकाशी दोन हात करीत आहोत अशी समजूत करून घेतो आणि प्रत्यक्षात आपल्याच भावाच्या पाठीवर ओझे टाकतो.

दुसरा नंबर बदली कामगाराचा. ज्यांनी गिरणी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी त्या दिवसापुरता घ्यावयाचा तो बदली. पूर्वी कोणाला आत घ्यावयाचे हे जॉबरच्या हातात असे, आणि हात ओला केल्याशिवाय ते उघडत नसत. मुंबईत १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदली-नियंत्रणाची पद्धत सुरू केली. ठराविक लोकांना कार्ड द्यावे, त्यांनी रोज सकाळी हजर व्हावे, आणि रिकामी जागा त्यांच्यातूनच भरावी, अशी ती होती. लाचलुचपत काही प्रमाणात कमी झाली असेल. उभे राहणे मात्र राहिलेच. रोज सकाळी गेटवर उभे राहावयाचे, नाव पुकारले तर मजुरी, नाही तर भाकरीचा डबा तसाच बांधलेला घरी न्यावयाचा. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवस कलेपर्यंत बाजारात उभे राहिलेले लोक आहेत, त्यांना कोणी कामाला लावले नव्हते. बदली कामगाराला तो दाखला समजावून सांगण्याची गरज पडत नसे.

त्याचे जिणे किती विचित्र होते पाहा. शेजाऱ्याला ताप आला तर याच्या घरी चूल पेटणार. दुसऱ्याच्या आजारावर आपली रोजी अवलंबून, हे त्याला कळत होते आणि टोचतही होते. कायद्याच्या हिशेबाने बारा महिन्यांत २४० दिवस भरले तर वर्षाचे सलग काम झाले असे धरीत, आणि मग लेऑफच्या भरपाईसाठी त्याला बदली म्हणून बाजूला सारता येत नसे. ते दिवस भरावयाचे कशाने? इतरांच्या खाड्यांनी. कित्येक जण अशा रीतीने वर्षानुवर्षे ‘बदली’च राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा मागण्यांत बदली कामगारांना कायम करण्याची मागणीही होती. अशा माणसाला आदल्या दिवशी ‘उद्या अमक्याची जागा रिकामी आहे’ हे कळले तर त्याची पायपीट वाचते. न कळविलेला खाडा त्याला पाळी सुरू होऊन वेळ गेल्यावर कळतो; कधी कळतच नाही, आणि तो अर्ध्या वाटेवर परतलेला असतो. म्हणून निरोप त्याचे देणे आहे. कारण मात्र ना जोडीदाराला हवे असते ना बदलीला. ‘मी येत नाही, दोन दिवस लागतील’ एवढे त्यांना पुरे. हे दोघे जे मागतात ते देणे कामगाराला कधीच जड नाही; जड होते ते खिडकीत मागतात ते.

मालकाला कारण हवेच असते, आणि जेथे पगारी रजेचा प्रश्न आहे तेथे त्याची मागणी सर्वस्वी अयोग्य नाही. मग कारण विचारूच नये असे केले तर? अमेरिकेतील पुष्कळ कारखान्यांत तशी पद्धत आहे. ठराविक वेळेआधी फोन करावयाचा, कारण काहीही असो, एका गैरहजेरीला एक गुण चढतो. गुणांची ठराविक संख्या झाली की ताकीद, मग नोकरी. ‘दोष कोणाचाच नाही’ अशा अर्थाचे नाव या पद्धतीला दिलेले आहे. १९९३ च्या एका कायद्याने ५० किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या मालकांकडील पात्र कामगारांना गंभीर आजार व कुटुंबाच्या देखभालीसाठी वर्षाला १२ आठवडे बिनपगारी रजा दिली, आणि त्या रजेला गुण चढवीत नाहीत. कारखान्यांपुरतीच ही पद्धत नाही. बी.एन.एस.एफ. या मोठ्या रेल्वे कंपनीने १ फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येकाच्या खाती ३० गुण घालून प्रत्येक गैरहजेरीला ते वजा करण्याची योजना आणली, तेव्हा तेथील युनियनांनी संप करण्याचे ठरविले होते. न्यायालयाने त्यांना अडविले. या पद्धतीत खोटे बोलण्याची गरज उरत नाही, हे कबूल. आजीला मारावे लागत नाही. परंतु आजी खरोखर वारली तरी गुण चढतोच. खोट्याचे तोंड बंद करताना दयेचेही दार बंद झाले. मला विचाराल तर खिडकीतल्या कंटाळलेल्या माणसाजवळ निदान ओशाळण्याची शक्यता असते. आकड्याजवळ ती नसते.

युनियनने यात काय करावे? पगारवाढीचा करार होतो तेव्हा पेढे वाटतात. निरोप नोंदविण्याच्या पद्धतीवर कोणी पेढे वाटीत नाही, म्हणून तो विषय करारात शेवटच्या पानावर जातो किंवा जातच नाही. शिवाय आजारपणाची रजा हे युनियनांनी कधी कधी हत्यार म्हणूनही वापरले आहे. शेकडो जण एकाच दिवशी आजारी पडतात. नव्या औद्योगिक संबंध संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेल्या किरकोळ रजेला संपच ठरविले आहे. कायद्याच्या या कलमाबद्दल मतभेद असू शकतात. संपाचा हक्क आवळला जात असेल तर माणसे आडवाटा शोधणारच. पण संप करावयाचा तर ‘संप’ म्हणूनच करावा असे मला वाटते. सामुदायिक ताप काढला की खऱ्या तापाची किंमत उतरते, आणि ती किंमत चुकविणारा माणूस त्याच युनियनचा सभासद असतो.

न्यायालयांनी या बाबतीत कामगाराला जे दिले ते युनियनच्या कित्येक सभांपेक्षा मोलाचे आहे. ८ दिवस न आलेल्या माणसाची नोकरी आपोआप गेली, असे स्थायी आदेशांच्या आधारे मालक म्हणत असत. डी. के. यादव या कामगाराच्या दाव्यात त्याचे म्हणणे असे होते की मी गैरहजर नव्हतोच, डिसेंबर १९८० मध्ये मला गेटवरच अडविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये निकाल दिला की माणसाला ऐकून घेतल्याशिवाय, चौकशीशिवाय असे नाव कापणे हे नैसर्गिक न्यायाला धरून नाही. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याला निम्म्या थकलेल्या पगारासह कामावर परत घेण्याचा हुकूम झाला. गेटवर अडविलेला माणूस ‘आला नाही’ म्हणून नोंदला जाऊ शकतो, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी. हजेरीपट म्हणजे सत्य नव्हे. ज्याच्या हातात लेखणी आहे त्याची ती साक्ष आहे. बारा वर्षे लागली हे खरे. पण इंदूरच्या हुकुमचंद मिलच्या कामगारांना तर याहून अधिक थांबावे लागले. गिरणी डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली आणि त्यांच्या देण्याचे २२४ कोटी रुपये डिसेंबर २०२३ मध्ये सुपूर्त झाले. कामगार ८ दिवस न सांगता राहिला तर त्याचा हक्क जातो. गिरणी ३२ वर्षे गैरहजर राहिली तेव्हा चार्जशीट कोणी कोणाला द्यावयाची?

आता खिडकीच्या जागी मोबाईल आला आहे. सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकतात. दोन निळ्या रेघा उमटल्या की त्याने वाचले असे कळते. तेवढी साक्ष पूर्वीच्या शेजाऱ्याजवळ नव्हती. पण सुपरवायझर बदलला, त्याने फोन बदलला, किंवा ‘मला अधिकार नाही, ऑफिसला कळव’ म्हणाला की पुन्हा तेच. कंत्राटी कामगाराला तर कळवावे कोणाला हेच ठाऊक नसते. कंत्राटदाराचा माणूस एक, खात्याचा माणूस दुसरा. आणि नव्या संहितेप्रमाणे स्थायी आदेशांची सक्ती शंभरावरून तीनशे कामगारांच्या कारखान्यांपर्यंत वर सरकल्यामुळे, लहान कारखान्यांत लेखी नियमच नाही अशी स्थिती आहे.

म्हणून आपल्या मंडळीतील जे युनियनच्या कमिटीवर आहेत त्यांना एवढेच सुचवावयाचे आहे की पुढच्या कराराच्या बोलणीत पगाराच्या आकड्याआधी एक वही मागून घ्यावी. तिच्यात तारीख, वेळ, कामगाराचा नंबर, निरोप आणणाऱ्याचे नाव आणि किती दिवस, एवढेच रकाने असावेत. कारणाचा रकाना नसावा. कारण ज्याला पगारी रजा हवी आहे त्याने नंतर, बंद खोलीत, एका जबाबदार माणसाजवळ सांगावे, आणि स्त्रियांसाठी तेथे स्त्री असावी. फोनवरून आलेला निरोप त्याच वहीत उतरवून तिचा अनुक्रमांक कळवावा. आणि निरोप घेऊन येणाऱ्याच्या हाती, मग तो शेजारी असो की शेजाऱ्याचे शाळकरी पोर असो, सहीशिक्क्याची एक चिठ्ठी द्यावी, म्हणजे तो ती नेऊन दवाखान्याच्या बाकावर मुलाजवळ बसलेल्या बापाला देईल.